थंडीत माणूस काय करतो : शीतनिद्रा, विसावा की निवणं?

प्रश्न, फोंडा

शाळेच्या वार्षिक अंकासाठी थंडीवर लेख लिहिते आहे. दिवस लहान झाला, रात्र वाढली की माणसानंही कामाचा वेग उतरवावा, दिवे लवकर मालवावेत, ऋतूच्या चालीनं चालावं, असा विषय. त्यासाठी नेमका शब्द सापडत नाही. ‘शीतनिद्रा’ लिहिलं की बेडूक डोळ्यांपुढे येतो. ‘हिवाळी विश्रांती’ म्हटलं की शाळेची सुट्टी वाटते. आपल्याकडचा ‘सुशेगाद’ चालेल का?

उत्तर, डिचोली

ताई, शीतनिद्रा नकोच. ती प्राणिशास्त्राची संज्ञा आहे. शरीराचं तापमान उतरतं, श्वास आणि ठोके मंदावतात, साठवलेल्या चरबीवर महिने काढले जातात. माणसाचं तसं होत नाही.

‘सुशेगाद’ मला फार प्रिय आहे. पोर्तुगीजमधला मूळ शब्द ‘शांत, स्वस्थ’ या अर्थाचा. गोव्यात आल्यावर त्यात समाधान मिसळलं. पर्यटनाच्या जाहिरातींनी त्याला आळसाच्या दावणीला बांधलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण तो बाराही महिन्यांचा शब्द आहे, वैशाखातल्या दुपारलाही तितकाच लागू पडतो. तुम्हाला ऋतूशी बांधलेला शब्द हवा आहे.

माझं मत ‘निवणे’ला. भात निवतो, ताप निवतो, राग निवतो, लेकराला पाहून डोळे निवतात, आणि शेवटी जीव निवतो. जे तापलेलं किंवा खळबळलेलं होतं ते आपल्या गतीनं खाली येतं. क्रियापद अकर्मक आहे, म्हणजे कुणी ते घडवून आणायला लागत नाही. मुद्दाम घडवायचं तर ‘निववणे’ वेगळं आहे. ‘विसावा’शी तुलना करा. तो संस्कृत ‘विश्राम’वरून आला आणि तो ‘घ्यावा’ लागतो. आधी थकवा, मग ओझं उतरवणं, मग पुन्हा चालणं, एवढं सगळं त्यात गृहीत आहे. ऋतूबरोबर मंदावण्यात थकव्याची अट नाही.

जाता जाता, ‘निवांत’ हा शब्द ‘निवणे’चा सख्खा भाऊ वाटतो, पण कूळ वेगळं. तो ‘निवात’, म्हणजे जिथे वारा लागत नाही अशी जागा, यावरून आला. गीतेच्या सहाव्या अध्यायातला न हलणारा दिवा ‘निवातस्थ’ आहे. ‘निवणे’ हा ‘निर्वाण’च्या कुळातला, विझण्या-शमण्याचा. अर्थानं मात्र दोघे आता एकाच घरात राहतात.

उत्तर, साखळी

शब्द छान, पण मला विषयाच्या मुळाशीच थोडी शंका आहे. आपल्या परंपरेत थंडी हा झोपायचा काळ नाही. चरकसंहितेतली ऋतुचर्या पाहा : हेमंतात शरीरबल उत्तम, जठराग्नी प्रखर, म्हणून स्निग्ध आणि पोटभर खावं, तेल लावावं. दिवसा झोपायची सरसकट मुभा दिली आहे ती ग्रीष्मात. त्यावर आपला धनुर्मास, घरोघरी ज्याला धुंधुरमास म्हणतात. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत पहाटे उठून सूर्योदयाच्या सुमारास गरम खिचडीचा नैवेद्य.

गोव्यात तर थांबायचा ऋतू पावसाळा. चातुर्मास त्यातच येतो. यांत्रिक होड्यांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला. याउलट थंडीत वायंगणाची, म्हणजे हिवाळी भाताची, लावणी चालू असते. बर्फाळ देशातली कल्पना जशीच्या तशी उचलली तर आपल्या शेतकऱ्याला ती परकी वाटेल.

उत्तर, डिचोली

तुमचा आक्षेप रास्त आहे आणि ताईंनी तो लेखात घ्यावाच. पण त्यानं ‘निवणे’ मोडत नाही, उलट ‘झोप’ बाद होते. इथे डिसेंबरातला सर्वांत लहान दिवससुद्धा सव्वाअकरा तासांच्या आसपास असतो, सहा-सात तासांचा नाही. म्हणून आपलं मंदावणं दिवसात दिसत नाही, रात्रीत दिसतं. पौषातले धालो, म्हणजे गोव्यातल्या बायकांचा पारंपरिक गाण्या-नाचाचा खेळ, पाहा. दिवसभर राबलेल्या बायका चांदण्यात मांडावर, म्हणजे या खेळाच्या ठरलेल्या जागेवर, येतात, समोरासमोर ओळी धरतात, एकमेकींच्या कमरेत हात घालून पुढे-मागे झुलत गातात. रात्रीमागून रात्री. कुणी झोपलेलं नाही, पण घाईही कुणाला नाही. शरीर हलतं आहे आणि जीव निवतो आहे. या एका शब्दात दोन्ही मावतं, म्हणून माझा आग्रह.

‘ऊन खाणे’ही घ्या हो लेखात. सकाळचं कोवळं ऊन पाठीवर घेत बसण्याला आपण ‘खाणं’ म्हणतो, याचा मला अभिमान वाटतो.

उत्तर, सत्तरी

मी बागायतीतला माणूस, व्याकरण फारसं येत नाही. पण आमच्याकडे यासाठी एक शब्द आहे जो शहरात उलट्या अर्थानं वापरतात : ताण. पाऊस गेला, जमीन सुकत आली, रात्री गार झाल्या की आंब्याची वाढ थांबते. पालवी जून होते. झाडाला ‘ताण बसला’ म्हणतो तो हा. हा थांबा नीट मिळाला तरच मोहोर धरतो. मध्येच अवकाळी पाऊस झाला किंवा थंडी पडलीच नाही, तर झाड पुन्हा पालवीवर जातं आणि त्या फांदीवरचा मोहोर हुकतो. संत्र्या-मोसंबीच्या बागांत तर मुद्दाम पाणी तोडून ‘ताण देतात’, बहार धरण्यासाठी. माणसाच्या बाबतीत ताण म्हणजे विश्रांती हिरावणं, झाडाच्या बाबतीत ताण म्हणजे विश्रांती देणं. मुलांना हे सांगाच. आंबा झोपत नाही, फक्त वाढायचं थांबवतो. तेच तर तुम्हाला म्हणायचं आहे ना?

प्रश्नकर्ती, फोंडा

हेच म्हणायचं होतं, आणि आंबा आता लेखाच्या मधोमध बसणार. शीर्षकात ‘निवणे’ घेते. धुंधुरमासाचा आक्षेप पहिल्याच परिच्छेदात मांडते, कारण मुलं घरी विचारणार. एक राहिलं : ‘शिशिरात जीव निवतो’ असं वाक्य चालेल ना?

उत्तर, साखळी

अंक डिसेंबरात निघत असेल तर ‘हेमंतात’ लिहा. मार्गशीर्ष-पौष हेमंत, माघ-फाल्गुन शिशिर. धालो पौषातले, तेही हेमंतातच येतात.