मदत हवी आहे: ४० मीटर बँडच्या (हॅम रेडिओ, ७ मेगाहर्ट्झ) रिसीव्हरमध्ये संध्याकाळी नको ती स्टेशनं घुसतात, मिक्सर कोणता लावू?

हवाईतार
घरी बांधलेला सुपरहेट आहे, म्हणजे येणारा सिग्नल मिक्सरने दुसऱ्या ठराविक फ्रिक्वेन्सीवर आणून ऐकवणारा रिसीव्हर. दिवसा उत्तम चालतो. अंधार पडला की ७.०५० मेगाहर्ट्झपासून वर जिथे जावं तिथे मागे भाषणं आणि गाणी, दोन-दोन स्टेशनं एकमेकांत गुंतलेली. शेजारच्या दुसऱ्या सेटवर त्याच जागी शांतता आहे, म्हणजे हे हवेतून येत नाही, माझ्याच सर्किटमध्ये तयार होतंय. मिक्सर बदलला, फरक नाही. मिक्सरनंतरचा, हवं तेवढंच निवडणारा क्रिस्टल फिल्टर दोनदा नव्याने केला. तीन आठवडे यातच गेले. कोणता मिक्सर लावला की हे जाईल तेवढं सांगा.

कॉइलवाला
आत्ता कोणता मिक्सर आहे? एलओ (मिक्सरला चालवणारा ऑसिलेटर) किती डीबीएम (सिग्नलची ताकद)? आयएफ (मिक्सरनंतरची फ्रिक्वेन्सी) किती? मिक्सरच्या आधी काय काय आहे? यातलं काहीच लिहिलं नाहीत, मग सांगणार काय?

जुनासोल्डर
माझ्याकडे अगदी असंच झालं होतं. आवाजासाठी एलएम३८६ ॲम्प्लिफायर आयसी असेल तर पिन १ आणि ८ मधला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढा. गेन २०० वरून २० वर येतो आणि आवाज फाटायचा थांबतो.

हवाईतार
आवाज फाटत नाहीये हो, नको ती स्टेशनं येतायत! मिक्सर आता एडीई-१ (तयार मिळणारा डायोड मिक्सर), तो बदलण्यापूर्वी हाताने गुंडाळलेला डायोड रिंग होता. आयएफ ९ मेगाहर्ट्झ. एलओ एसआय५३५१ या क्लॉक चिपमधून, १६ मेगाहर्ट्झच्या आसपास. अँटेना साधा डायपोल.

सोपंच_बरं
डायोड रिंगच्या नादी लागू नका. एनई६०२ हा मिक्सर आयसी लावा. एलओची ताकद लागत नाही, वर गेन मिळतो. माझे तीन सेट त्यावर चाललेत.

कॉइलवाला
सोपंच_बरं, तुमचे सेट चालतात हे मान्य, पण इथे तो सल्ला उलटा पडेल. एनई६०२ चा इनपुट इंटरसेप्ट (जबर सिग्नल किती झेपतात त्याचं माप) −१५ डीबीएमच्या घरात, एडीई-१ चा +१५ च्या. यांची तक्रारच जबर सिग्नलची आहे आणि तुम्ही ३० डीबीने हळवा मिक्सर सुचवताय.

हवाईतार, ७.२०० च्या वर ब्रॉडकास्ट स्टेशनं बसलेली असतात. समजा ७.२३० आणि ७.३४० वर दोन जबर आहेत. ७.२३० ची दुप्पट वजा ७.३४० म्हणजे ७.१२०. मिक्सरमध्ये दोघं मिसळून झालेलं हे थर्ड ऑर्डरचं अपत्य बरोबर तुमच्या बँडमध्ये पडतं, आणि बँडपास फिल्टर (फक्त आपला बँड आत सोडणारा) त्या दोघांना फारसं अडवू शकत नाही, कारण ती अगदी शेजारी आहेत. आधी एक चाचणी करा. अँटेना आणि सेट यांच्यामध्ये १० डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) लावा. खरा सिग्नल १० डीबीने उतरेल. हे भूत, थर्ड ऑर्डरचं म्हणून तिप्पट, ३० डीबीने उतरलं तर निदान पक्कं.

एचमोडप्रेमी
बस-स्विच आयसी, एफएसटी३१२५, घेऊन एच-मोड मिक्सर बांधा. इंटरसेप्ट +३५ डीबीएमच्या पुढे जातो. एकदा बांधला की हा प्रश्न परत येत नाही. माझा सहा वर्षं चालू आहे.

थेटनमुना
आजच्या काळात मिक्सर हवाच कशाला? अँटेनापासून थेट एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप), बाकी सगळं सॉफ्टवेअरमध्ये.

एचमोडप्रेमी
एडीसी भरून वाहिला की तुमचंही तेच होतं, किंबहुना एकदम सगळा बँड जातो. त्यालाही पुढे फिल्टर लागतोच.

थेटनमुना
१६ बिटच्या एडीसीला घरगुती डायपोलवर एवढं सहज होत नाही. वेगळा धागा काढा, आकडे घेऊन येतो.

हवाईतार
कृपया तो वाद तिकडेच घ्या. ॲटेन्युएटर लावला. ७.१२० वरची भाषणं पार गेली, त्याच वेळी चालू असलेला सीडब्ल्यू (मोर्स) सिग्नल थोडासाच कमी झाला! पण मग सिग्नल कमी पडू नये म्हणून प्रीॲम्पचा (अँटेनाचा सिग्नल आधीच वाढवणारा ॲम्प्लिफायर) गेन वाढवू का?

कॉइलवाला
प्रीॲम्प?! हे आत्ता सांगताय?

हवाईतार
तो असतोच ना. १८ डीबीचा, बँडपासच्या आधी.

कॉइलवाला
काढा. आधी तो काढा, मग बाकीचं. +१५ चा मिक्सर त्या १८ डीबीमुळे अँटेनापाशी −३ डीबीएमचा होतो. सिग्नल-मीटरवर एस-९ अधिक ४०, म्हणजे −३३ डीबीएमची दोन स्टेशनं धरा. तिप्पट −९९, त्यातून −३ ची दुप्पट वजा, म्हणजे ६ मिळवा, भूत −९३ वर. जवळपास एस-६. प्रीॲम्प नसेल तर तेच −१२९ वर जातं. ४० मीटरवर रात्री हवेचाच गोंगाट त्याहून कितीतरी वर असतो, ऐकूच येणार नाही. याच कारणाने या बँडवर प्रीॲम्पची गरजही नाही. शिवाय फिल्टरच्या आधी असल्यामुळे मीडियम वेव्हचं १ मेगाहर्ट्झ आणि ६.१ वरचं एखादं स्टेशन प्रीॲम्पमध्येच मिसळून ७.१ होत असेल, तो वेगळा ताप.

आणि एसआय५३५१ चा ड्राइव्ह (आउटपुटचा जोर) किती ठेवलाय?

हवाईतार
प्रोग्रामच्या लायब्ररीत होता तोच. २ मिलीअँपिअर.

कॉइलवाला
म्हणजे साधारण +३ डीबीएम. एडीई-१ ला +७ लागतात. उपाशी डायोड पुरते उघडत-मिटत नाहीत आणि वरचा +१५ चा हिशोबही मग मिळत नाही. ८ मिलीअँपिअर करा, साधारण +१० येतात, मध्ये ३ डीबीचा पॅड (छोटा ॲटेन्युएटर) टाका.

रोधक५०
मिक्सर आणि क्रिस्टल फिल्टर यांच्यामध्ये काय आहे? थेट जोडला असेल तर फिल्टर पासबँडबाहेरचं सगळं परत मिक्सरवर फेकतो. डिप्लेक्सर टाका, म्हणजे ते परत न जाता रेझिस्टरमध्ये जिरेल. ९ मेगाहर्ट्झ, ५० ओहम, क्यू (फिल्टर किती अरुंद त्याचं माप) १ साठी: ०.८८ मायक्रोहेन्री आणि ३५० पिकोफॅरडची एक जोडी मालिकेत सिग्नलच्या वाटेवर. तिच्या दोन्ही टोकांपासून ५० ओहमचा एकेक रेझिस्टर एका सामायिक बिंदूवर आणा आणि तिथून तशीच जोडी समांतर करून ग्राउंडला.

एचमोडप्रेमी
डिप्लेक्सर १६ + ७ = २३ मेगाहर्ट्झची बेरीज पचवेल. पण ७.१ ऐकताना ७.२३० चं स्टेशन आयएफमध्ये ९ पासून १३० किलोहर्ट्झवर येतं. तिथे डिप्लेक्सर उघडाच आणि क्रिस्टल फिल्टर भिंत. क्यू १ ने काय होणार?

रोधक५०
बरोबर. म्हणून डिप्लेक्सरनंतर पोस्ट-मिक्सर ॲम्प्लिफायर, त्यानंतर ६ डीबीचा पॅड, मग फिल्टर. ॲम्प्लिफायर उलट्या दिशेने काही जाऊ देणारा नको. हे सगळं मिक्सर न बदलता होतं, एवढंच माझं म्हणणं.

हवाईतार
प्रीॲम्प काढला, ड्राइव्ह ८ केला, पॅड टाकला. संध्याकाळी सातपासून ऐकतोय. ७.१२० स्वच्छ! काल जिथे भाषण होतं तिथे आज कुजबुजीएवढा एसएसबी (हॅमच्या बोलण्याचा) सिग्नल वाचता आला. डिप्लेक्सर आणि ॲम्प्लिफायर रविवारी. कॉइलवाला, रोधक५०, मनापासून आभार. प्रीॲम्प आहे हे पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं.

फक्त ७.००३ वर एक बारीक शिट्टी आहे. ॲटेन्युएटर लावला तरी तेवढीच.

रोधक५०
अँटेना काढून पाहा. बीएफओही (आयएफमधून ऐकू येणारा आवाज काढायला लागणारा ऑसिलेटर) त्याच एसआय५३५१ मधून घेता का? किती?

हवाईतार
हो, ८.९९८५. अँटेना काढूनही शिट्टी आहे.

रोधक५०
चिपचा क्रिस्टल २५ मेगाहर्ट्झचा असेल तर २५ वजा बीएफओची दुप्पट, बरोबर ७.००३. बीएफओ २०० हर्ट्झने सरकवा, शिट्टीने डायलवरची जागा सोडली तर तेच. मग बीएफओच्या वाटेवर लो-पास फिल्टर आणि शिल्डिंग.

हवाईतार
सरकवून सांगतो.