मदत हवी आहे : सन्मान राखून साहाय्य कसे करावे?

सर्वांना नमस्कार. वसईतील आमच्या धर्मग्रामात (चर्चच्या पॅरिशमध्ये) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या कॅथलिक सेवाभावी संस्थेचे काम चालते. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेल्या या संस्थेचा गाभा म्हणजे गरजूंच्या घरी जाऊन भेट घेणे, आणि नेमकी हीच भेट आमच्या शेजारच्या एका विधवा ताईंना नको आहे. लोक पाहतील, ही त्यांची भीती. धान्याची पिशवी त्यांनी उंबरठ्यावरूनच परत केली. खरे सांगायचे तर मला त्यांचा राग आला नाही. दान गुप्तपणे करावे असे बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय सांगतो, तर उपाशी बहिणीला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावू नये असे बायबलमधलेच याकोबाचे पत्र बजावते. दोन्ही एकाच वेळी कसे पाळावे?

अधिक कठीण बाब पुढेच आहे. ज्यांच्याकडून ताईंनी व्याजाने पैसे घेतले, त्यांच्याकडे परवाना नाही, ताईंच्या सहीचा कोरा धनादेश मात्र आहे, आणि ते दर रविवारी आमच्यासोबतच मिस्सेला (चर्चमधील उपासनेला) बसतात. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमानुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा असून सहकार खात्याच्या निबंधकांकडे तक्रार करता येते. परंतु ताईंच्या संमतीवाचून ती करणे मला पटत नाही.

अशा प्रसंगी आधी फादरांशी बोलावे की थेट त्या गृहस्थांशी? तसेच देणाऱ्याचे नाव न कळवता मुलांची फी परस्पर शाळेत भरण्याचा मार्ग कोणी अवलंबला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.