मदत हवी आहे : देशमुख आणि कंपनीची जुनी ग्रंथयादी

पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढलेल्या पुस्तकांची कालानुक्रमे यादी आमच्या वाचनालयासाठी करतो आहे. 'ययाति', 'कोसला' (1963) आणि इरावती कर्व्यांचे 'युगान्त' (1967) ही एकमेकांशी काहीच नाते न सांगणारी पुस्तके एकाच प्रकाशकाने काढली, हे आजच्या वाचकांना ठाऊक नसते. कारण 'ययाति' आणि 'कोसला' यांच्या पुढच्या आवृत्त्या इतर प्रकाशनांकडे गेल्या आणि कपाटात त्याच दिसतात.

कादंबऱ्यांची नोंद त्या मानाने सहज सापडते. अडचण आहे ती वैचारिक लेखन, चरित्रे आणि ललित निबंधांची, कारण त्यांच्या पुनरावृत्त्या क्वचितच निघतात आणि शं. ग. दाते यांची ग्रंथसूची (माझा पहिला आधार नेहमी तोच) 1950 सालापाशी थांबते.

आपल्या संग्रहात या संस्थेची 1950 नंतरची पुस्तके असल्यास मुद्रणपृष्ठावरील प्रथमावृत्तीचे वर्ष आणि मलपृष्ठावर किंवा शेवटच्या पानांवर छापलेली 'आमची प्रकाशने' अशा स्वरूपाची जाहिरात यांचे छायाचित्र कृपया पाठवाल का? कथा-कादंबऱ्यांखेरीज इतर पुस्तकांना प्राधान्य द्यावे, ही विनंती.