न्यू जर्सीत घर घेताना शाळेचं रेटिंग किती मनावर घ्यायचं?

नवी_पालवी
नमस्कार मंडळी. आम्ही सध्या एडिसनमध्ये भाड्याने राहतो. मुलगी दुसरीत, मुलगा साडेतीन वर्षांचा. पुढच्या सप्टेंबरआधी घर घ्यायचा विचार आहे. यादीत उत्तर एडिसन, साउथ ब्रन्सविक, प्लेन्सबरो आणि वेस्ट विंडसर. वेबसाइटवर ७ रेटिंगची शाळा आणि ९ रेटिंगची शाळा यांच्या हद्दीतल्या सारख्याच घरांत लाखभर डॉलरचा फरक दिसतो. तो देण्यासारखा आहे का? एजंटला शाळांबद्दल विचारलं की तो गप्प बसतो किंवा "वेबसाइट बघा" म्हणतो. आणि एका घराचा पत्ता चक्क "प्रिन्स्टन" असूनही किंमत आवाक्यात आहे. यात काही गोम आहे का?

टपालहंशील
गोम टपाल खात्याची आहे, विकणाऱ्याची नव्हे. पत्त्यातलं गावाचं नाव म्हणजे पोस्ट ऑफिस. शाळा ठरते ती कर कोणत्या टाउनशिपला भरता त्यावरून. "प्रिन्स्टन" पत्त्याची घरं प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर, लॉरेन्स, माँटगोमेरी आणि साउथ ब्रन्सविक एवढ्या ठिकाणी पसरलेली आहेत, आणि त्यांतलं कुठलंच प्रिन्स्टन हायस्कूलला जात नाही. गंमत म्हणजे ज्या क्रॅनबरीच्या पत्त्यात प्रिन्स्टन नसतं, तिथली मुलं आठवीनंतर प्रिन्स्टन हायस्कूलला जातात, कारण क्रॅनबरीला स्वतःचं हायस्कूल नाही. प्रिन्स्टन जंक्शन म्हणजे वेस्ट विंडसर. आयसलिन वुडब्रिजमध्ये येतं, एडिसनमध्ये नाही. केंडल पार्क, मॉन्मथ जंक्शन आणि डेटन हे साउथ ब्रन्सविक. बेल मीड पत्त्याची काही घरं माँटगोमेरीत आहेत, काही हिल्सबरोत.

म्हणून क्रम असा ठेवा. लिस्टिंगवरून (घराच्या विक्रीच्या जाहिरातीवरून) टॅक्स रेकॉर्ड काढा आणि टाउनशिप, ब्लॉक नंबर, लॉट नंबर लिहून घ्या. मग त्या डिस्ट्रिक्टच्या (तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) रजिस्ट्रेशन ऑफिसला पूर्ण पत्ता ईमेल करून विचारा: प्रायमरी कोणती, मिडल कोणती, हायस्कूल कोणतं? फोनवर विचारू नका, उत्तर लेखी हवं. लिस्टिंगवर दिसणाऱ्या शाळा नकाशाच्या डेटावरून आपोआप भरलेल्या असतात आणि हद्द बदलली की महिनोन्‌महिने जुन्याच राहतात. गाव एकच म्हणून शाळा एकच असंही नाही. एडिसनमध्ये उत्तरेकडची मुलं साधारणपणे जे. पी. स्टीव्हन्सला जातात आणि दक्षिणेकडची एडिसन हायला. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोतही नॉर्थ आणि साउथ अशी दोन हायस्कूलं आहेत. साउथ ब्रन्सविकला हायस्कूल एकच, त्यामुळे तिथे निदान ही चिंता नाही.

एजंटला दोष देऊ नका. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे तो जपून बोलतो. "चांगल्या शाळांचा भाग" म्हणत गिऱ्हाइकाला एका वस्तीकडे वळवणं हा वंशभेदाचा आडमार्ग धरला जाऊ शकतो. त्याला मत विचारू नका, वस्तुस्थिती विचारा: हद्द, कर, गेल्या तीन वर्षांत त्या रस्त्यावर झालेली विक्री.

आकडेमोड
रेटिंगबद्दल. १० पैकीचा तो आकडा बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालावर उभा असतो, आणि निकालात शाळेइतकाच आईवडिलांचा पगार, शिक्षण आणि शनिवारचे क्लास बोलतात. ज्या भागात निम्मा वर्ग कुमॉनच्या खासगी क्लासला जातो, तिथलं गणिताचं श्रेय शाळेला किती द्यायचं?

राज्याचं शिक्षण खातं दरवर्षी प्रत्येक शाळेचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट काढतं. फुकट आहे, तोच उघडा. मी ज्या क्रमाने बघतो तो देतो.

आधी स्टुडंट ग्रोथ. आदल्या वर्षी ज्यांचे गुण सारखे होते, अशा राज्यभरातल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतली मुलं वर्षभरात किती पुढे गेली, ते यात कळतं. ५० म्हणजे मध्य. दोन-तीन वर्षं सलग ६० च्या आसपास असलेली "७" वाली शाळा मला ४२ ग्रोथच्या "९" पेक्षा बरी वाटते. राज्य परीक्षा तिसरीपासून असल्याने हा आकडा चौथीपासूनच मिळतो. म्हणजे पहिली-दुसरीपर्यंतच्या शाळेचं रेटिंग कशावर दिलंय हे विचारायलाच हवं. २०२० आणि २०२१ च्या वसंतात ही राज्य परीक्षा (एनजेएसएलए) झालीच नाही, म्हणजे २०२२ ला तुलनेसाठी आदल्या वर्षीचे गुणच नव्हते, तेव्हा ग्रोथ २०२३ पासून पुढची धरा.

मग गटवार निकाल, म्हणजे वंश, घरचं उत्पन्न अशा गटांप्रमाणे. शाळेचा एकूण टक्का बघू नका, दोन्ही शाळांतला एकच गट शेजारी ठेवा. अनेकदा दोन शाळांतला फरक मुलांच्या मिश्रणाचा असतो, शिकवण्याचा नसतो, आणि गट सारखा धरला की तो दोन-चार टक्क्यांवर येतो. छोट्या गटांच्या जागी फुली दिसते, तिचा अर्थ शून्य नव्हे. मुलं कमी असल्यामुळे आकडा झाकलेला असतो.

मग क्रॉनिक अॅब्सेंटीझम, म्हणजे १० टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर राहिलेली मुलं. आणि त्याच डिस्ट्रिक्टमध्ये चार किंवा अधिक वर्षं टिकलेल्या शिक्षकांचं प्रमाण. शिक्षक भराभर सोडून जात असतील तर रेटिंग घसरायला वेळ लागतो, हा आकडा आधी घसरतो.

रिपोर्टमध्ये नसलेलं शाळेला विचारा: मुलीच्या इयत्तेत आत्ता किती तुकड्या आणि तुकडीत किती मुलं? आल्जेब्रा १ सातवीत की आठवीत, आणि वरच्या गणितात जायची परीक्षा कधी? २०२० च्या राज्य कायद्यानुसार हुशार मुलं हेरण्याची पद्धत प्रत्येक डिस्ट्रिक्टला ठरवावी लागते, ती वेबसाइटवर असते. पालकांच्या रिव्ह्यूंवर वेळ घालवू नका. चार भांडणं आणि दोन जाहिराती.

गहाणखत
पैशाचं बोलू. एक लाख डॉलर जास्त कर्ज, ६.५ टक्के, ३० वर्षं: महिना साधारण ६३२ डॉलर. त्या वाढीव किमतीवर २.२ टक्के प्रॉपर्टी टॅक्स धरला तर महिना आणखी १८३. म्हणजे ८१५, वर्षाला ९,८०० च्या आतबाहेर. घर विकताना यातलं काही परत मिळतं हे खरं, पण कर आणि व्याज मिळत नाही. एवढ्या पैशात दोन मुलांचं पोहणं, चित्रकला आणि गणिताचा क्लास आरामात होतो.

कराचा दर बघून गावांची तुलना करू नका. ज्या गावात वर्षानुवर्षं रिव्हॅल्युएशन (घरांच्या किमतींची नव्याने मोजणी) झालेलं नाही, तिथे असेसमेंट (करासाठी धरलेली घराची किंमत) बाजारभावाच्या खूप खाली असते आणि दर भयंकर दिसतो. डॉलरमधलं खरं बिल बघा. नव्या बांधकामाचं असेल तर दुप्पट सावध राहा: लिस्टिंगवरचं बिल नुसत्या जमिनीचं असू शकतं, मग राहायला गेल्यावर अॅडेड असेसमेंटचं, म्हणजे घरावरच्या वाढीव कराचं, पत्र येतं.

आणि डिस्ट्रिक्टचं बजेट वाचा. करवसुलीतली वाढ कायद्याने २ टक्क्यांवर अडवलेली आहे (काही अपवाद आहेत). कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा त्याहून वेगाने वाढतो. भोक कुठून बुजवणार? बस, ग्रंथपाल, संगीत, मोठ्या तुकड्या. २०१८ च्या एस-२ कायद्याने सात वर्षांत राज्याचं अनुदान फिरवून वाटलं, त्यात जॅक्सन, टॉम्स रिव्हर यांसारख्या डिस्ट्रिक्टना जबर फटका बसला. गव्हर्नरच्या बजेटनंतर अनुदानाचे आकडे येतात आणि एप्रिलअखेरीच्या सुमारास डिस्ट्रिक्टची जाहीर सुनावणी होते. "यूजर-फ्रेंडली बजेट" नावाचा गोषवारा प्रत्येकाला टाकावाच लागतो. सलग तीन वर्षांचे उघडून शिक्षकांच्या जागा वाढल्या की घटल्या ते बघा.

बसबद्दल खास. आठवीपर्यंत २ मैलांपेक्षा आणि हायस्कूलला अडीच मैलांपेक्षा लांब असाल तरच बस देणं बंधनकारक. त्याच्या आत मिळते ती "कर्टसी", कात्री लागली की पहिली तीच जाते किंवा तिला फी लागते. दीड मैलावरचं घर, मधे रूट १ हा महामार्ग, फुटपाथ नाही, दोघांची ऑफिसं: हे चित्र सही करण्याआधी डोळ्यांसमोर आणा. सकाळी पावणेआठला तिथे गाडी लावून बघाच.

मंदगती
वरचं सगळं मान्य, पण ग्रोथचा आकडासुद्धा क्लासवाल्यांमुळे फुगतो, आकडेमोड. सगळी शाळा वर्षभर क्लासला जात असेल तर ५० वरून ६० व्हायला शिक्षकांची गरज नाही.

दुसरं, वरच्या डिस्ट्रिक्टांतला ताण रेटिंगमध्ये दिसत नाही. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोच्या सुपरिंटेंडेंटनी (डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांनी) २०१५ मध्ये पालकांना जाहीर पत्र लिहून मुलांवरच्या दडपणाची वाच्यता केली, हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, आणि त्यावरून पालकांत उभी फूट पडली. तिथे मधल्या पट्टीतल्या मुलाला "मी ढ आहे" वाटू शकतं, तेच मूल दुसरीकडे वर्गात पुढे असेल. मुलगी दुसरीत आहे, म्हणजे तिचा कल थोडाफार कळला असेलच.

तिसरं, जे कोणी सांगत नाही: काउंटी बघा. वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत आणि प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये, शाळा-डिस्ट्रिक्ट मात्र एकच. मिडलसेक्सच्या मॅग्नेट शाळांना (निवडून प्रवेश देणाऱ्या काउंटीच्या सरकारी शाळांना), म्हणजे एडिसन अकॅडमी वगैरे, अर्ज करायचा तर मिडलसेक्सचे रहिवासी असावं लागतं. म्हणजे प्लेन्सबरोकराला तो दरवाजा उघडा, ग्रोव्हर्स मिल रोडने जरा पलीकडे गेलेल्याला बंद. एडिसन आणि साउथ ब्रन्सविकही मिडलसेक्सच. जागा थोड्या आणि चुरस फार, तेव्हा त्याच एका भरवशावर घर घेऊ नका.

नवी_पालवी
खूप आभार. यादी उलटीपालटी झाली :) जूनमध्ये क्लोजिंग (घराचा व्यवहार पूर्ण) झालं तर सप्टेंबरला मुलीचा प्रवेश नक्की मिळेल ना? आणि मुलाचं किंडरगार्टन?

टपालहंशील
सरकारी शाळा आहे, तुम्ही त्या गावचे रहिवासी असाल तर प्रवेश नाकारता येत नाही. मात्र तुमच्या जवळच्या इमारतीत तुकडी भरली असेल तर काही डिस्ट्रिक्ट त्याच गावातल्या दुसऱ्या शाळेत पाठवतात. "ओव्हरफ्लो"चं धोरण काय, हे त्याच ईमेलमध्ये विचारा. क्लोजिंगआधी सही झालेल्या करारावर नोंदणी घेतात का, किती दिवस आधी, हे प्रत्येकाचं वेगळं.

कागद: क्लोजिंगचे किंवा लीजचे पेपर, दोन-तीन युटिलिटी बिलं, जन्मदाखला, लसीकरणाचा तक्ता, जुन्या शाळेचं ट्रान्सफर कार्ड. फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहिली की इंग्रजीची चाचणी होऊ शकते. घाबरून इंग्रजी लिहू नका, मुलीला नीट येत असेल तर तो विषय तिथेच संपतो. मुलाला बहुतेक ठिकाणी १ ऑक्टोबरपर्यंत ५ पूर्ण लागतात. वाढदिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरचा असेल तर त्या डिस्ट्रिक्टची तारीख आणि लवकर प्रवेशाची चाचणी आहे का, तेवढं घर ठरवण्याआधी बघून घ्या.