'लंगर'ला अन्नछत्र म्हणावं का?

गोदातीर: नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबची मराठी माहितीपुस्तिका तयार होते आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजी इथे ज्योतीज्योत समावले, म्हणजे त्यांनी देह ठेवला, तिथपासूनचा सगळा मजकूर जुळला. अडलं ते "लंगर रोज चालतो" या वाक्यावर. परका शब्द म्हणून तपासणाऱ्यांनी 'लंगर' खोडून 'महाप्रसाद' केलं. 'अन्नछत्र' चालेल का?

मुदपाक: महाप्रसाद तर नकोच. गुरुद्वारात प्रसाद म्हणजे कडाह प्रसाद, कणकेचा शिरा, तो दरबारात मिळतो. लंगर म्हणजे गुरुद्वारातलं सर्वांसाठीचं जेवण, ते रांधायची जागा आणि ती प्रथा, तिन्ही. सदावर्तही नाही, तिथं मुळात वाटसरूला कोरडा शिधा देत. अन्नछत्रात शिजवलेलं मिळतं खरं, पण वाढणारे वेगळे, जेवणारे वेगळे. लंगरात जेवून उठलेला माणूस भांडी घासायला बसू शकतो.

बोरू: मराठीत लंगर म्हणजे साखळी! खंडोबापुढे वाघे लंगर तोडतात, तो हाच. शिवाय जहाजाचा लंगर आहेच. आपल्याकडे 'पंगत' असताना उसनवारी कशाला?

मुदपाक: शब्द फारसीच आहे. सूफी खानकाहांतल्या, म्हणजे मठांतल्या, अन्नदानाच्या जागेलाही लंगर म्हणत. पंजाबात खडूरला दुसरे गुरू अंगद यांच्या पत्नी माता खीवी लंगर सांभाळत. सत्ता-बलवंड या कवींच्या वारेत, म्हणजे स्तुतिकाव्यात, त्यांच्या तूप घातलेल्या खिरीचा उल्लेख येतो, तिथंही शब्द 'लंगरि' असाच. ही वार गुरू ग्रंथ साहिबात आहे, आणि त्याच ग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत. मग परका कसा?

ओवी: आणि बोरू, 'पंगत' तिथंही आहेच. 'पहिले पंगत, पाछे संगत' (आधी पंगतीत जेवा, मग गुरूंच्या भेटीला या) हा पंजाबातल्या गोइंदवालला तिसरे गुरू अमरदासांचा दंडक. पण आपल्याकडे पंक्तिव्यवहार म्हणजे कोणाच्या शेजारी बसायचं नाही याचे नियम; पंक्तिबाह्य शब्द त्यातलाच. नुसतं 'पंगत' लिहिलंत तर अर्थ उलटा व्हायचा धोका आहे.

बोरू: रूढ अर्थ आता तसा उरलेला नाही. लग्नाची पंगत म्हटल्यावर कोणाला सोवळं आठवतं? बरं, 'कडाह' की 'कडा प्रसाद'? दोन्ही छापलेलं दिसतं.

देगतेग: कडा हातातला. हा कडाह, संस्कृत कटाह, आपली कढई. रहित मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, त्याला 'त्रिभावली' म्हटलंय: कणीक, तूप, गोड समभाग. सम म्हणजे तोलून. वाटीनं मोजलं की कणीक वजनाला कमी भरते आणि सगळं तुपकट होतं. पाणी कणकेच्या साधारण तिप्पट, साखर विरघळवून उकळतं ठेवायचं. कणीक मंद आचेवर तांबूस होईतो परतायची, मग पाणी धार धरून सोडायचं. गार पाणी ओतलं की गुठळ्या झाल्याच. अरदास (प्रार्थना) झाल्यावर किरपाण भेट होते, म्हणजे प्रसादाला किरपाण लावतात, पंज प्याऱ्यांचा (खालशाच्या पाच प्रतिनिधींचा) वाटा निघतो, मग वाटप.

सुगरण: कडेनं तूप सुटलंच नाही तर?

देगतेग: बहुधा पाणी आटलेलं नसतं. ढवळत राहा, आच वाढवू नका, तळ धरतो.

ओवी: बोरू, उसन्या शब्दांचं एवढं वावडं असेल तर खालशाचे बोले, म्हणजे निहंग शिखांची खास बोली, बघा; तिथं साध्या पदार्थांनाही आपली नावं. मीठ 'सर्बरस', कांदा 'रूपा', मिरची 'लडाकी', फुटाणे 'बदाम'. पोळी तर 'परशादा', आणि ती ओंजळ पुढे करूनच घ्यायची.

सुगरण: तळ धरलाच तर खरवडायचं का?

देगतेग: अजिबात नाही. वरचं हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात काढा. उलथनं तळाला लागलं की करपट वास सगळ्यात उतरतो. लंगरच्या डाळीलाही हेच लागू.