जेम्सटाउन : नदीत मासे असताना माणसं उपाशी का मेली?

चौकस
अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनला मे १६०७ मध्ये १०४ इंग्रज उतरले, जानेवारी १६०८ मध्ये ३८ उरले. पुढे १६०९-१०च्या हिवाळ्यात सुमारे ३००चे ६० झाले. समोर नदी, मागे हरणांचं रान. ‘साहेब लोक आळशी होते’ एवढ्यावर पटत नाही. नेमकं काय चुकलं? मका लावून का भागलं नाही?

खाजणकर
आधी ही दोन मृत्युसत्रं वेगळी काढा. १६०७च्या उन्हाळ्यात भूक होतीच : माणशी रोज अर्धा पाइंट गहू आणि तेवढंच जव, तेही २६ आठवडे जहाजाच्या पोटात किडलेलं. पण मोठा घात पाण्याने केला. स्पॅनिश हल्ल्याच्या धास्तीने जागा नदीच्या मुखापासून बरीच आत निवडली. काठाशीच सहा फॅदम, म्हणजे ११ मीटर खोली असल्याने जहाज थेट झाडाला बांधता यायचं. प्यायच्या पाण्याचा विचार केलाच नाही. उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की भरतीचं पाणी तिथवर चढून घोटाळत राहतं आणि वस्तीची घाणही त्याच पट्ट्यात मागेपुढे होते. वसाहतीतल्याच जॉर्ज पर्सीने लिहून ठेवलंय की पाणी भरतीला खारट, ओहोटीला गाळाने भरलेलं. हे मचूळ पाणी पिऊन सूज, हगवण, ताप. किल्ल्यात विहीर खणली ती १६०९च्या सुरुवातीला.

त्यात दुष्काळ. सायप्रस जातीच्या झाडांच्या खोडांतल्या वलयांवरून १६०६ ते १६१२ हा काळ तिथल्या ७७० वर्षांतला सर्वांत कोरडा सात वर्षांचा पट्टा ठरतो. म्हणजे नदी आणखी खारी, आणि ज्या स्थानिक लोकांकडून तांबं-मणी देऊन मका घ्यायचा, त्यांच्याच कणग्या रिकाम्या.

गळटाक्या
मासे होते, पण बारमाही नव्हते. स्टर्जन हा मोठा मासा वसंतात समुद्रातून वर चढतो, भर थंडीत हाती लागत नाही. १६०७ला मे ते सप्टेंबर त्याच्यावर आणि खेकड्यांवरच निभावलं. १६०९ मध्ये तो वाळवून, कुटून, गाभोळी आणि चुक्यासारखा आंबट पाला घालून भाकरीची सोय केली. साधनांबद्दल न बोललेलं बरं : १६०८ मध्ये चेसापीक उपसागरात बोटीभोवती मासे दाटले, जाळं नव्हतं, म्हणून वसाहतीचा एक पुढारी जॉन स्मिथ याच्या माणसांनी तळणीच्या तव्याने धरायचा प्रयत्न केला!

१६०९च्या हिवाळ्यात तर पोव्हाटन या स्थानिक प्रमुखाच्या लोकांचा वेढाच होता. बाहेर पडलं की मरण, मग जाळं काय नि बंदूक काय. जवळच्या बेटावर सोडलेली डुकरंही त्यांनी मारली. किल्ल्यात घोडे, कुत्री, उंदीर, शेवटी बुटांचं चामडं खाल्लं. २०१२च्या उत्खननात १४ वर्षांच्या मुलीच्या कवटीवर आणि नडगीवर मांस काढल्याच्या खुणा मिळाल्या.

टोकणकरी
मक्याचं सांगतो. स्थानिक पद्धत अशी : बुंध्याशी साल ठेचून आग लावायची, झाड उभं वाळतं. पुढच्या वर्षी त्याच जमिनीत काठीने भोक पाडून मक्याचे चार दाणे आणि घेवड्याचे दोन टोकायचे. दोन आळ्यांत चार फूट अंतर, म्हणजे एकरी सुमारे २,७०० आळी. खुरपणी सतत, आणि रोप अर्धं वाढलं की मातीची भर. एप्रिल ते मध्य जून टप्प्याटप्प्याने लावायचं, ऑगस्ट ते ऑक्टोबर काढायचं. नांगर लागत नाही, पण आदल्या वर्षीची तयारी लागते. मे महिन्याच्या मध्यात उतरून आधी तटबंदी उभारणाऱ्यांकडे ती कुठून असणार?

१६०९ मध्ये दोन स्थानिक कैद्यांकडून शिकून ३०-४० एकर लावलं. पण पिपांतला साठवलेला मका अर्धा कुजला, उरलेला उंदरांनी फस्त केला, तेही जहाजांतूनच आलेल्या. ऑगस्टमध्ये, लावणीचा हंगाम उलटल्यावर, शेकडो नवी तोंडं आली. अधिकाऱ्यांचं मुख्य जहाज ‘सी व्हेंचर’ बर्म्युडाला फुटलेलं. ऑक्टोबरमध्ये बंदुकीच्या दारूच्या स्फोटात भाजलेला स्मिथ परत गेला.

इंग्लंडहून आणलेल्या घरच्या बियाण्यावर भागेल, हाही भ्रमच. उत्तरेकडच्या प्लिमथ या दुसऱ्या इंग्रज वसाहतीत १६२१ मध्ये माशांचं खत घालून २० एकर मका छान आला, जव बेताचं, आणि उशिरा पेरलेला वाटाणा फुलोऱ्यातच करपला.

चौकस
मग त्या हिवाळ्यात नदीवर कोणीच तगलं नाही?

खाजणकर
तगले की. नदीच्या मुखाशी, पॉइंट कम्फर्टच्या छोट्या किल्ल्यावरची तुकडी धडधाकट होती. मे १६१०ला पर्सी तिथे पोचला तर हे लोक खेकडे डुकरांना घालत होते.