मदत हवी आहे: जीटीए ५ मध्ये रस्ते गायब होतात, इमारती उशिरा दिसतात

भटक्या_०७
नव्या पीसीवर जीटीए ५ टाकलाय. गाडी जरा जोरात पळवली की पुढचा रस्ताच गायब. नुसतं राखाडी मैदान दिसतं, गाडी त्यात रुतते आणि चार-पाच सेकंदांनी डांबर, पिवळे पट्टे, फुटपाथ सगळं एकदम उगवतं. इमारतींना खिडक्याच नसतात, मातीचे ठोकळे वाटतात. ड्रायव्हर नवा टाकला, गेमच्या फाइल्स तपासून घेतल्या, टेक्श्चर नॉर्मलवर आणले. काही उपयोग नाही. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंग्जमध्ये) काहीतरी बदलावं लागतं असं ऐकलंय. नेमकं काय ते सांगा, शनिवारी मित्रांबरोबर खेळायचं ठरलंय.

निळीशाई
ग्राफिक्स कार्ड कोणतं? रॅम किती? गेम कुठल्या डिस्कवर आहे? जुनी लेगसी आवृत्ती आहे की मार्च २०२५ मध्ये आलेली एनहान्स्ड? एनहान्स्डला किमान ४ जीबीचं कार्ड आणि एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) लागतेच, त्यामुळे हे आधी कळायला हवं.

भटक्या_०७
लेगसी. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, ८ जीबी रॅम, विंडोज ११. पीसी नवाकोरा आहे हो, त्यात खोट नसणार.

इलेक्ट्रॉनवाला
कार्ड तापतंय, लिहून ठेवा. माझ्याकडे क्रिप्टो माइनिंगला वापरलेलं कार्ड होतं. गेम सुरू केला की दहा मिनिटांत पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन यायचे. आफ्टरबर्नर सॉफ्टवेअरमध्ये कार्डाच्या मेमरीचा वेग खाली आणला, उष्णता वाहून नेणारे थर्मल पॅड बदलले, त्यानंतर आजतागायत त्रास नाही. आधी मेमरीचं तापमान बघा.

निळीशाई
इलेक्ट्रॉनवाला, तुमचं निदान तुमच्या कार्डासाठी बरोबर होतं, पण हे दुखणं वेगळं आहे. मेमरी तापून चित्र फाटलं तर ते आपोआप चार सेकंदांत जागेवर येत नाही. इथे रस्ता येतोय, फक्त उशिरा येतोय. म्हणजे माल वेळेवर पोचत नाहीये.
भटक्या, कार्डाचं नाव अजून आलं नाही.

भटक्या_०७
कार्ड नाहीये. एचडीएमआयची केबल थेट मदरबोर्डला लावली आहे.

अळूवडी
मग विषय संपला. सेकंडहँड आरएक्स ५८० कार्ड घे भावा, ८ जीबीवाला. बायोसमध्ये कितीही खेळलास तरी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला मर्यादा आहेच.

इलेक्ट्रॉनवाला
त्याचा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा) कोणता हे न विचारता आरएक्स ५८० काय सुचवता? १८५ वॅटचं कार्ड आहे ते. कॅबिनेटबरोबर आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर चढवलं तर बोर्डासकट जाईल. शिवाय सेकंडहँड आरएक्स ५८० म्हणजे बहुतेक माइनिंगचाच माल.

अळूवडी
माझा व्यवस्थित चालतोय. बघून, लावून, चालवून घ्यायचा, एवढंच.

पाऊसवेडा
हा गेम १८ वर्षांवरील मुलांसाठी आहे. माझा भाचा अकरावीत असताना याच्या नादाला लागला होता, आम्ही घरात फार भोगलंय. पालकांनी लक्ष द्यावं, एवढीच कळकळीची विनंती.

भटक्या_०७
काका, मी २४ वर्षांचा आहे, नोकरी करतो. कृपया रस्त्यांबद्दल बोला. कार्ड आत्ता घेणार नाही.

निळीशाई
कार्ड न घेताही हा गेम नीट चालायला हवा. त्याची किमान अट १ जीबीच्या कार्डाची आहे. ५६००जी मधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅममधूनच उसनी घेतं. बायोस ‘ऑटो’वर असेल तर बऱ्याच बोर्डांवर ५१२ एमबीच राखून ठेवलेली असते. बाकीची विंडोज लागेल तशी देतं, पण जुने गेम पुष्कळदा राखीव आकडाच बघतात. गेमच्या ग्राफिक्स पानावर वर व्हिडिओ मेमरीची पट्टी दिसते, तिथला आकडा वाचा.
पीसी सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा. ॲडव्हान्स्ड, एएमडी सीबीएस, एनबीआयओ, जीएफएक्स कॉन्फिगरेशन. तिथे आयजीपीयू कॉन्फिगरेशन ‘यूएमए स्पेसिफाइड’ करा आणि फ्रेम बफर साइज (ग्राफिक्ससाठी राखीव मेमरी) २जी. बोर्डाप्रमाणे नावं थोडी इकडेतिकडे असतील, ‘यूएमए’ शब्द शोधा.

घाटमाथा
थांबा. ८ जीबीतले २ तिकडे गेले की उरले ६. विंडोज ११ आणि ब्राउझर त्यातले अर्धे खातात. मग रॅम अपुरी पडून गेम डिस्कचा आधार घेणार (पेजिंग) आणि रस्ते आणखी उशिरा येणार. मी हे करून बघितलंय, अडखळणं वाढलं होतं. आधी सांगा, ८ जीबी रॅमची एकच पट्टी आहे का? आणि निळीशाईंनी डिस्क विचारली होती, ते राहिलंच.

भटक्या_०७
एकच पट्टी, ३२०० वेगाची. विंडोज एसएसडीवर आहे, गेम जुन्या पीसीतल्या १ टीबी हार्डडिस्कवर. पण डिस्कचा ग्राफिक्सशी काय संबंध?

घाटमाथा
थेट संबंध आहे. हा गेम अख्खं शहर आधी मेमरीत भरत नाही, तुम्ही पुढे जाल तसं डिस्कवरून उचलतो. गाडी वेगात असली की जुनी हार्डडिस्क मागे पडते.
दुसरं, एकच पट्टी समजा २४०० च्या वेगाने चालत असेल, तर सेकंदाला १९.२ जीबी एवढीच वाट मिळते. ३२०० च्या दोन पट्ट्या असतील तर ५१.२. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघंही याच वाटेवरून जातात. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग बघा. ३२०० ची पट्टी असूनही कमी दिसत असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारं सेटिंग) चालू करायचं राहिलंय.

निळीशाई
घाटमाथांचा मुद्दा मान्य. ८ जीबीवर २जी नको, १जी ठेवा. दुसरी पट्टी घेतलीत तर २जी. पट्टी ३२०० चीच घ्या, कमी वेगाची लावली तर दोन्ही तिच्या वेगाने चालतील. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा.

इलेक्ट्रॉनवाला
जुनी पट्टी काढताय तर तिचे सोनेरी पाय खोडरबराने हलके पुसून घ्या. आधी मागचं बटण बंद करून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली वीज उतरते.

भटक्या_०७
मेमरीचा वेग २४०० दिसत होता. दुसरी ८ जीबी आणली, दुसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये लावली, एक्सएमपी चालू, यूएमए २जी. गेममधल्या व्हिडिओ मेमरीच्या पट्टीवर आता २०४८ एमबी दिसतं. हार्डडिस्कवरूनच खेळलो तेव्हा रस्ते कमी वेळा गायब झाले, पण झाले. मग गेम एसएसडीवर हलवला, तेव्हा पूर्ण थांबलं. मनापासून आभार, घाटमाथा आणि निळीशाई दोघांचेही. फक्त विमानातून खाली शहर अजून धूसर दिसतं आणि झटके बसतात.

निळीशाई
छान झालं! ॲडव्हान्स्ड ग्राफिक्समध्ये ‘हाय डिटेल स्ट्रीमिंग व्हाइल फ्लाइंग’ बंद करा आणि ‘एक्स्टेंडेड डिस्टन्स स्केलिंग’ शून्यावर आणा. झटके कमी होतील. उंचावरून थोडं धूसर दिसणार, ते या ग्राफिक्सवर चालवून घ्यावं लागेल.